मॅक्रोसाठी बॉलहेड घ्यायचाय? आधी आवळून बघा

पावसाळा लागला की गोव्यातली बरीच मुलं पहिली मॅक्रो लेन्स घेऊन सड्यावर (जांभ्याच्या पठारावर), रानात जायला लागतात, आणि थोड्याच दिवसांत विचारतात: ट्रायपॉड आहे, पण त्यावर बॉलहेड, म्हणजे कॅमेरा धरणारं, गोळ्यावर फिरणारं हेड, कुठला घेऊ? मी सत्तरीच्या सड्यांवर आणि चोर्ल्याच्या रानात बरीच वर्षं मॅक्रो करतोय. माझं उत्तर ठरलेलं आहे. कंपनी आणि किंमत नंतर बघू, आधी बॉल घट्ट करणारा नॉब आवळताना फ्रेम किती सरकते ते बघा.

यामागे साधा हिशेब आहे. १०० मिमीची मॅक्रो लेन्स १:१ वर असते, म्हणजे विषय सेन्सरवर खऱ्या आकाराचा उमटतो, तेव्हा सेन्सरपासून विषय साधारण ३० सेंमीवर येतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यात त्या वेळी ३६ बाय २४ मिमीचा तुकडा मावतो, बस. बॉल एक अंश फिरला की ३० सेंमीवर फ्रेम पाच-एक मिमी हलते. म्हणजे उंचीचा पाचवा हिस्सा गेला! समुद्रकिनाऱ्यावर सूर्यास्त टिपताना तेवढ्याने काही बिघडत नाही. इथे मात्र किड्याचा डोळा फ्रेमच्या कडेला जातो. त्यात १:१ ला एफ/८ वर फोकसची खोली जेमतेम १ मिमी असते, त्यामुळे हेड जरासं खाली बसलं तरी डोळ्यावरचा फोकस पायावर येतो.

बॉलहेडच्या खोक्यावर ‘८ किलो’, ‘२० किलो’ असा आकडा ठळक छापलेला असतो. नवीन माणूस त्यावरच जातो. पण तो आकडा बॉल किती वजनाला घसरत नाही ते सांगतो, आणि तो मोजायची सगळ्या कंपन्यांची एकच पद्धत नाही. तुमचा कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड किलो, फार तर दोन. ते वजन बहुतेक हेड पेलतात. आवळताना फ्रेम कुठे जाते, हे खोक्यावर कुणी छापत नाही.

म्हणून दुकानात जाताना आपला कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घेऊन जा. पणजी, म्हापसा, मडगाव, कुठेही. दुकानदार म्हणेल, “बाब, हा वीस किलो घेतो, डोळे झाकून न्या.” त्याला नम्रपणे सांगा, पाच मिनिटं द्या. पट्टी उभी टेकवून ठेवा, लेन्स १:१ वर नेऊन पट्टीवर फोकस करा, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करा आणि एक रेघ बरोबर मध्यावर आणा. आता एका हाताने कॅमेरा धरून दुसऱ्या हाताने नॉब आवळा. रेघ आवळतानाच हलली तर तो आवळण्याचा धक्का. आवळून झाल्यावर कॅमेऱ्यावरचा हात काढला आणि रेघ खाली गेली, तर ते बसणं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बसणं दर वेळी सारखंच असेल तर निभावतं: तेवढं आधीच वर धरायचं, हात काढला की विषय जागेवर येतो. आवळण्याचा धक्का कधी डावीकडे, कधी वर, असा लहरी असेल तर ते हेड तिथेच ठेवून या. त्याला कुठलीच युक्ती चालत नाही. कॅमेरा सरळ असताना एकदा आणि लेन्स खाली झुकवून एकदा, अशी दोन्हीकडे परीक्षा घ्या, कारण रानात आपण बहुतेक वेळ खालीच बघत असतो.

दुसरी गोष्ट घर्षणाच्या नॉबची. चांगल्या बॉलहेडला मुख्य नॉबखेरीज घर्षण ठरवणारा स्क्रू असतो, कधी वेगळा, कधी मोठ्या नॉबच्या पोटात. तो असा लावायचा की हात सोडला तर कॅमेरा जिथल्या तिथे राहील, आणि बोटांनी जोर दिला की मऊसूत हलेल. मॅक्रोत मी मुख्य लॉकपेक्षा याच्या जिवावर जास्त काम करतो. चौकट जुळते तेव्हाच बॉल जवळजवळ धरलेला असतो, मग शेवटचं आवळणं अगदी थोडं उरतं आणि धक्काही थोडाच बसतो. ज्या हेडला ही सोय नाही ते मॅक्रोसाठी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॉलचा व्यास ४० मिमीच्या आसपास किंवा त्याहून मोठा असावा. मोठ्या बॉलवर पकड मध्यापासून लांब लागते, त्यामुळे कमी जोरात घट्ट बसतो. रिअली राइट स्टफ कंपनीच्या बीएच-४० आणि बीएच-५५ या नावांतले आकडे बॉलच्या व्यासाचेच आहेत. आर्का-स्विसच्या मोनोबॉलमध्ये बॉल पूर्ण गोल नसतो, कॅमेरा जितका कलेल तितकं घर्षण वाढतं, त्यामुळे जड लेन्स एकदम कोसळत नाही. ही महागडी मंडळी आहेत, पहिल्याच वर्षी घ्या असं मी म्हणणार नाही. पट्टीच्या परीक्षेत उतरलेलं मधल्या किमतीचं हेड खुशाल घ्या. कॅमेऱ्याच्या तळाला लावलेली प्लेट पकडणारा क्लॅम्प मात्र आर्का पद्धतीचाच (आर्का-स्विसच्या मापाचा) बघा, म्हणजे पुढे प्लेट, रेल, एल-प्लेट (तळाला आणि बाजूला बसणारी एल आकाराची प्लेट) सगळं एकमेकांत बसतं.

प्लेटकडे फार कमी जण लक्ष देतात. रबर लावलेल्या साध्या प्लेटवर कॅमेरा वजनाने दबतो, उभा केला की हळूच फिरतो, आणि दोष हेडवर येतो. आपल्या कॅमेऱ्यासाठीच केलेली, मागे कडा असलेली प्लेट घ्या. उभ्या फोटोसाठी कॅमेरा हेडच्या बाजूच्या खाचेत आडवा पाडण्यापेक्षा एल-प्लेट कितीतरी बरी, वजन ट्रायपॉडच्या मध्यावर राहतं. लेन्सला कॉलर (लेन्सभोवतीचं, ट्रायपॉडला बसणारं कडं) असेल तर आणखी उत्तम: कॅननच्या १०० मिमी एल मॅक्रोला ती वेगळी विकत मिळते, निकॉनच्या १०५ मिमी व्हीआरला नाही.

बॉलहेडला एक गोष्ट जमत नाही, कॅमेरा सरळ पुढे-मागे नेणं. १:१ वर फोकसची रिंग फिरवली की फ्रेममधला विषयाचा आकारच बदलतो, म्हणून कॅमेराच हलवावा लागतो. त्यासाठी वर फोकसिंग रेल लावा. आणि तुम्ही घरात दागिने, नाणी, वाळवलेली पानं टिपणार असाल तर बॉलहेडच्या मागे लागू नका, गिअर हेड (दातेरी चाकांनी हळूहळू फिरणारं) घ्या. मॅनफ्रोटोचं ४१० हे त्यातलं जुनं, नावाजलेलं. एका वेळी एकच दिशा हलते, आवळायचा प्रश्नच येत नाही. रानात मात्र ते जड आणि सावकाश.

आता आपल्या सड्याबद्दल. ऑगस्ट-सप्टेंबरात जांभ्याच्या कातळावर पाण्याची पातळ साय असते आणि तिच्यात सीतेची आसवं, गेंद ही रानफुलं आणि दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती. दवबिंदूचं झाड बोटभर उंचीचं, त्याच्या केसांच्या टोकावरचा चिकट थेंब मिलिमीटरहून लहान. तिथे हेड बुटकं हवं आणि ट्रायपॉडला मधला दांडा नको, पाय पार आडवे व्हायला हवेत. सकाळी सहा-साडेसहाला वारा पडलेला असतो, केसाला अडकलेला मच्छर अजून पाय हलवत असतो. तुम्ही पोटावर पडून थेंबातलं आभाळ फोकसमध्ये आणता, अंगठ्याने नॉब आवळता, आणि थेंब जागचा हलत नाही. हेडचे पैसे तिथे वसूल होतात. उडत्या-पळत्या किड्यांसाठी मी ट्रायपॉड लावत नाही, तिथे फ्लॅश आणि मोकळे हात बरे.

म्हादईच्या रानात पावसाळ्यात अंधारात उजळणारी बुरशी सापडते. तिच्यासाठी कधी अर्धा मिनिट, कधी कित्येक मिनिटं शटर उघडं ठेवावं लागतं, आणि हेड तेवढ्या वेळात सावकाश खाली घसरत असेल तर ते तिथेच कळतं. ही परीक्षा घरीच घ्या: पट्टीवर फोकस करून आवळा, चहा पिऊन या, रेघ कुठे आहे बघा. अभयारण्यात रात्री वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

गोव्यात हेड खराब होतं ते तांबड्या मातीने आणि खाऱ्या हवेने. जांभ्याचा कण बॉल आणि त्याच्या भोवतीच्या कड्याच्या मध्ये गेला की हेड खरखरतं, बॉलवर ओरखडे उठतात. अ‍ॅक्राटेकचं हेड याच कारणासाठी मला आवडतं, उघड्या बांधणीमुळे माती अडकून राहत नाही आणि पुसायला सोपं. इतर हेडवर चालताना साधी प्लास्टिकची पिशवी बांधा. घरी आलात की ओल्या फडक्याने बॉल पुसा, किनाऱ्यावरून आला असाल तर गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने, मग पूर्ण कोरडा करा. गंज सोडवायचं तेल किंवा मशीनचं तेल बॉलवर मारू नका, पकड जाते. आणि ठेवताना सगळे नॉब सैल करून ठेवा.