फुलोऱ्यात सकाळी पंप उचलू नका : उन्हाळी वेलभाज्यांसाठी आत्ताच करायची फुलांची सोय

इंदूरभोवतीच्या सांवेर, देपालपूर, महू, राऊ या सगळ्या पट्ट्यात मोहरी कापणीला आली आहे. धणे उतरायला लागले, हरभऱ्याची फुलं केव्हाच संपली. येत्या तीन-चार आठवड्यांत काकडी, गिलकी, दोडकी, दुधी, लाल भोपळा आणि टरबूज फुलावर येतील. नेमका तेव्हाच पिकांत मधमाशीला खायला फारसं काही उरलेलं नसतं, कारण गव्हाच्या लोंबीत मध नसतो. फुलांची सोय करायची ती या आठवड्यात. वेल मांडवावर चढल्यावर केली तर तिचा उपयोग पुढच्या पिकाला होईल, या पिकाला नाही.

पण सोयीच्या आधी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. वेल फुलावर असताना सकाळी कीटकनाशक फवारू नका.

दर उन्हाळ्यात हेच दिसतं. वेल हिरवागार, फुलं भरपूर, आणि बोटभर काकड्या टोकाकडून पिवळ्या पडून गळतात. ज्या टिकतात त्या वाकड्या, एका बाजूला फुगलेल्या. चोइथराम मंडीत असा माल कोणी हातात घेत नाही. शेतकरी दुकानात जातो, तिथून फळ धरण्याचं टॉनिक येतं, त्यासोबत बोरॉनची पुडी येते आणि वर 'कीडही असेल' म्हणून आणखी एक बाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिन्ही एका टाकीत. त्यामुळे परागीभवन करायला, म्हणजे नर फुलाचा पराग मादी फुलात न्यायला, जी काही मधमाशी उरली होती तीही मरते आणि पुढची तोडणीही जाते.

कारण साधं आहे. या वेलींवर नर आणि मादी फूल वेगळं असतं. पराग चिकट आणि जड असल्यामुळे वाऱ्याने जात नाही, तो किड्याच्या अंगावरूनच जावा लागतो. काकडी, टरबूज आणि लाल भोपळ्याचं फूल पहाटे किंवा सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. मादी फुलाला तेवढी एकच सकाळ मिळते. त्यात माशीची एक भेट पुरत नाही, अनेक भेटी व्हाव्या लागतात. पराग कमी पडला की फळ एका अंगाने वाढतं किंवा गळून जातं. वारा शांत असतो, माणूस मिळतो, ऊन नसतं, म्हणून आपण सकाळी फवारतो हे मला समजतं. पण माशीचीही कामाची वेळ तीच आहे.

फवारायचंच असेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर. दुधी आणि दोडक्याचं मात्र उलटं आहे. त्यांचं फूल संध्याकाळी उघडतं आणि त्यावर रात्री पतंग येतात. म्हणून या दोन पिकांत कीड फूल लागण्याआधीच आवरा, नंतर वेळ साधणं कठीण जातं.

फळ गळतंय म्हणून लगेच बाटली आणू नका. आधी गळलेली दहा फळं चिरून बघा. सालीवर बारीक छिद्र, त्यातून डिंक आलेला आणि आत पांढऱ्या अळ्या असतील, तर ती फळमाशी. तिच्यासाठी क्यूल्यूरचे (नर फळमाशीला वासाने ओढणारे) सापळे एकरी 10 लावा आणि कीडकी फळं रोज वेचून खोल पुरा. बांधावर फेकलीत तर माशी तिथूनच परत येते. छिद्र नसेल, फळ टोकाकडून सुकत गेलं असेल आणि आत बी धरलेलं नसेल, तर परागीभवन झालेलं नाही. त्याला कुठल्याही बाटलीत औषध नाही. घरापुरते पाच-दहा वेल असतील तर सकाळी ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. मादी फुलाखाली इवलंसं फळ असतं, त्यावरून ते ओळखता येतं. दुधीला हेच काम संध्याकाळी करायचं.

बाकी नेहमीची कामं :
- रोप दोन-चार पानांवर असताना लाल भुंगेरे सकाळी हाताने वेचा, पानांवर चुलीची राख धुरळा
- मावा, तुडतुडे या रस शोषणाऱ्या किडी दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क (5 किलो निंबोळी, 100 लिटर पाणी), किंवा 1500 पीपीएम अझाडिरॅक्टिन लिटरला 5 मिली, संध्याकाळी
- पिवळे चिकट सापळे
- पाणी थोडं थोडं, फुलोऱ्यात ताण नको
- टोमॅटोत फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा म्हणून 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ. झेंडूचं रोप सुमारे 45 दिवसांचं, टोमॅटोचं 25 दिवसांचं

आता फुलांकडे वळू. यासाठी दुकानात जायची गरज नाही. 'परागीभवन मिश्रण' नावाने महागड्या पुड्या आता विकायला येतात. त्याऐवजी घरचाच मुळा, कोथिंबीर, बडीशेप, शेपू, गाजर, कांदा यांच्या चार ओळी उपटू नका, फुलू द्या. जून होऊन फुलावर आलेल्या भाजीला बाजारात भाव नसतो, पण वेलाशेजारी तिचं मोल मोठं आहे. कोथिंबीर-बडीशेपेच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यात मध उघड्यावर असतो, त्यामुळे तोंड आखूड असलेल्या किड्यांनाही तो मिळतो. सिरफिड माशी तिथे पोट भरते आणि अंडी माव्याच्या घोळक्यात घालते. तिच्या अळ्या मावा खातात. दुसऱ्या किडींच्या अंड्यांत अंडी घालणारी ट्रायकोग्रामासारखी बारीक गांधीलमाशीही याच फुलांवर जगते. मावा खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा किडा) हेही इथेच येतात. माझा अंदाज असा की शेपूच्या दोन ओळी वेलाच्या वाऱ्याकडच्या बाजूला असतील तर त्या प्लॉटमध्ये मावा उशिरा चढतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण शेतात मला तसंच दिसलं आहे.

बांधावर सूर्यफूल आणि एकेरी झेंडू आजच टाका. सूर्यफुलाला दोन महिने लागतात, तेव्हा ते शेवटच्या तोडण्यांना कामी येईल. पहिल्या फुलोऱ्याची गरज भाजीच्या जून ओळी भागवतील. मधमाश्यांपैकी सातेरी साधारण किलोमीटरभरात फिरते, फुलोरी त्याहून जवळ, आग्या दूरवरून येते. सगळ्याच पोळ्यातल्या नसतात. कित्येक माश्या एकेकट्या, कोरड्या उघड्या मातीत बीळ करून राहतात, म्हणून बांध पुरता खणू किंवा जाळू नका. मोठा काळा भुंगा वाळक्या लाकडात घर करतो, तेव्हा एखादं जुनं खोड पडू द्या. उथळ परातीत खडे घालून पाणी ठेवा आणि रोज बदला. बांधावरचे शेवगा, कडुनिंब आणि करंज तोडू नका. वेल फुलावर असताना तेच मधाचा मोठा साठा पुरवतात. करंज तर एप्रिल-मेच्या रखरखाटातही फुलतो.

इंदूर शहरातल्या रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगर इथल्या बागेवाल्या काका-काकूंनाही हेच सांगायचं आहे. फूल निवडताना त्याचा भरगच्चपणा बघू नका. गच्च पाकळ्यांच्या गोंड्यात माशीला आत शिरायला वाट नसते, पुष्कळदा परागही नसतो. बोगनवेलीचा रंग पानांचा असतो, खरं फूल आत इवलंसं. माशीला लाल रंग नीट दिसत नाही. निळा, जांभळा, पिवळा आणि पांढरा तिला लांबून कळतो. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, निम्म्या फुलू द्या. जास्वंद आणि कर्दळीवर शिंजीर येईल. लिंबू आणि कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी सापडली तर तिला राहू द्या. ती मोठी होऊन हिरवी होते आणि मग काळं-पिवळं फुलपाखरू निघतं. झाड मोठं असेल तर चार पानं गेल्याने काही बिघडत नाही.

औषधांबद्दल थोडं स्पष्ट सांगतो. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल, क्लोरपायरीफॉस, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ही सगळी मधमाशीला अतिशय घातक आहेत. पहिली दोन तर झाडात भिनतात आणि मधात, परागात उतरतात. युरोपीय संघाने 2018 मध्ये त्यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. स्पिनोसॅड ओलं असेपर्यंत मारतं, सुकल्यावर धोका बराच कमी होतो, म्हणून तेही संध्याकाळीच. काही बुरशीनाशकं कीटकनाशकात मिसळली की मधमाशीसाठी विष आणखी कडक होतं. दुकानदाराने 'एकाच फेरीत काम उरका' म्हटलं तरी मिसळू नका. मोनोक्रोटोफॉस भाजीवर 2005 पासून बंद आहे. कोणी हळूच देऊ केलं तर घेऊ नका.

शेजारच्या वावरात कोणी मधपेट्या ठेवल्या असतील तर फवारणीच्या आदल्या दिवशी त्यांना सांगा, म्हणजे ते रात्री दारं बंद करतील किंवा पेट्या हलवतील. स्वतःच्या काकडी-टरबुजात पेट्या ठेवायच्या असतील तर एकरी एक-दोन पुरतात. त्या फुलं उघडायला लागल्यावर आणा. आधी आणल्या तर माश्या दुसरीकडची वाट धरतात. झाडावरचं आग्यामोहोळ धूर देऊन उठवू नका.

फाल्गुनात ढग आले की मावा वाढतो आणि त्याच दिवशी दुकानात गर्दी होते. त्या गर्दीत जाण्याआधी पानं उलटून बघा. माव्यात ढालकिडे किंवा सिरफिडच्या अळ्या दिसत असतील तर तीन दिवस थांबा. मावा तरीही वाढत असेल तर संध्याकाळी निंबोळी अर्क द्या. एवढ्यानेही आवरला नाही, तर पानं आणि गळलेली फळं पिशवीत घालून इंदूरच्या कृषी महाविद्यालयात किंवा कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, आणि ते सांगतील तेच औषध, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत आणा.