फॉर्ममधून थेट ब्लॉगवर: या चुका टाळा

सोलापुरातली वाचनालयं, मंडळं, क्लासेस, चादरीची दुकानं, सगळ्यांना आता एकच हवं असतं: लोकांनी गुगल फॉर्म भरावा आणि मजकूर आपोआप वर्डप्रेसच्या ब्लॉगवर चढावा. झॅपिअर किंवा मेक ही एका ॲपमधली माहिती दुसऱ्यात पोचवणारी ऑनलाइन सेवा कोडची एकही ओळ न लिहिता हे काम करून देते आणि चांगलं करते. जोडणी बिघडली म्हणून मला फोन येतात तेव्हा दोष बहुतेक वेळा त्या सेवेचा नसतो. तो ठरलेल्या दोन-चार जागीच सापडतो.

फॉर्म भरला की पोस्ट थेट पब्लिश

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. पोस्टची स्थिती निवडताना 'ड्राफ्ट' आणि 'पब्लिश' दोन्ही समोर असतात, आणि नवशिके हमखास पब्लिश निवडतात. कारण एकच: परत कोण तपासत बसणार?

एका वाचनालयाने गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवणी मागवल्या होत्या. नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावरचे पाळणे, लोकांनी भरभरून लिहिलं. फॉर्ममध्ये नाव, वय, मोबाईल नंबर, पत्ता आणि आठवण असे प्रश्न होते. जोडणी करणाऱ्या मुलाने घाईत सगळी उत्तरं पोस्टच्या मजकुरात ओतली आणि पब्लिश ठेवलं. संध्याकाळी सचिवांचा फोन आला, "मॅडम, बायकांचे नंबर दिसायलेत ओ साइटवर!" तोवर दोघींना अनोळखी माणसांचे फोन येऊन गेले होते.

पोस्ट कचऱ्यात टाकायला काही क्षण लागले. पण नवी पोस्ट आली की वर्गणीदारांना मेल जाईल अशी सोय तिथे चालू होती, आणि गेलेला मेल परत घेता येत नाही. गुगलच्या शोधात उरलेल्या पानांसाठी सर्च कन्सोल या गुगलच्याच साधनातून काढून टाकण्याची विनंती करावी लागली. त्या बायकांची माफी मागायला वाचनालयाची माणसं घरोघरी गेली, आणि ते योग्यच झालं. विश्वासाने दिलेला नंबर होता तो.

तेव्हापासून माझी पद्धत पक्की आहे. जोडणीसाठी वर्डप्रेसमध्ये वेगळा वापरकर्ता काढायचा आणि त्याला 'काँट्रिब्युटर' ही भूमिका द्यायची. काँट्रिब्युटरला लिहिता येतं, पब्लिश करता येत नाही. उद्या कुणी सेटिंगमध्ये पब्लिश निवडलं तरी वर्डप्रेस परवानगी नाकारतं. ॲडमिनचा पासवर्ड मी कुठल्याही जोडणीला देत नाही. वर्डप्रेस 5.6 पासून, म्हणजे 2020 पासून, ॲप्लिकेशन पासवर्डची, म्हणजे एकेका जोडणीपुरत्या वेगळ्या पासवर्डची, सोय आहे. जिथे चालतो तिथे तोच द्यावा, म्हणजे नको झाला की तेवढाच रद्द करता येतो. आणि नंबर, पत्ता यांची खरंच गरज आहे का, हे फॉर्म बनवतानाच ठरवा. न विचारलेली माहिती फुटत नाही.

मजकूर वाहून नेण्याचं काम यंत्राला खुशाल द्या. तो छापायचा की नाही, हे मात्र माणसाने वाचून ठरवायचं. यात मी तडजोड करत नाही.

शीटमध्ये हात घालणं

फॉर्मची उत्तरं गुगल शीटमध्ये साठतात आणि जोडणी खाली येणाऱ्या नव्या ओळीची वाट बघत असते. मग कुणीतरी 'जरा नीट लावू' म्हणून नावांप्रमाणे क्रम लावतं, मधली ओळ उडवतं, किंवा वरच्या रकान्याचं नाव बदलतं. झालं! कधी नवी ओळ सुटते, कधी जुनीच नवी समजून पुन्हा जाते. नवी पेठेतल्या एका दुकानात गिऱ्हाइकांचे अभिप्राय असे दोन-दोनदा ब्लॉगवर आले होते. मालक म्हणाले, "आम्ही काहीच केलं नाही, फक्त शीट साफ केली."

उत्तरं येतात त्या टॅबला कुणी हात लावायचा नाही. बघायचं असेल, गाळायचं असेल, तर दुसरा टॅब घ्या आणि त्यात क्वेरी सूत्राने माहिती ओढा. तिथे हवा तो क्रम लावा.

फॉर्ममध्ये नंतर प्रश्न वाढवला तर शीटमध्ये नवा रकाना येतो, पण जोडणीला त्याचा पत्ता नसतो. तिथे जाऊन तो हाताने जोडावा लागतो.

मराठी शीर्षक आणि तुटकी लिंक

ही चूक इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. वर्डप्रेस पोस्टची लिंक शीर्षकावरून बनवतं आणि तिच्यासाठी 200 चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, आणि प्रत्येक काना, मात्रा, हलन्तसुद्धा वेगळा मोजून, साठवताना नऊ-नऊ चिन्हं खातं. म्हणजे जेमतेम बावीस अक्षरचिन्हांत जागा संपते. 'सिद्धेश्वर यात्रेच्या आठवणी' या शीर्षकाची लिंक 'सिद्धेश्वर-यात्रेच्या-आठ' इथेच तुटते. पुढे लिहिणाऱ्याचं नाव जोडलं असेल तर ते पोचतच नाही, आणि सगळ्यांच्या लिंका सारख्याच होऊन मागे 2, 3 असे आकडे लागत जातात. व्हॉट्सॲपवर कुठली कुणाची, कळत नाही. ड्राफ्ट तपासताना मी लिंक रोमन अक्षरांत हाताने लिहिते: गड्डा, वर्ष, क्रमांक. एवढंच.

बाकीच्या

फॉर्ममधून आलेला फोटो ड्राइव्हमध्ये खाजगी असतो, म्हणून पोस्टमध्ये वाचकाला दिसत नाही. मी तो तपासताना हाताने चढवते.

चाचणीला 'अबक टेस्ट' लिहू नका. लांब जोडाक्षरांचं नाव, दोन परिच्छेद आणि अवतरणचिन्हं टाकून बघा. ऐच्छिक प्रश्न रिकामे सोडूनही एकदा पाठवा, नाहीतर बिनशीर्षकाच्या पोस्ट येतील.

फॉर्म भरला आणि लगेच काही दिसलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा भरू नका. मेकच्या फुकट योजनेत नवं उत्तर आलं का हे बघणाऱ्या दोन तपासण्यांमध्ये किमान 15 मिनिटांचं अंतर असतं. चहा घेऊन या.

वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये वेळक्षेत्र कोलकाता करा, नाहीतर वेळ साडेपाच तासांनी चुकते.

आणि खातं कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. हौशी मुलगा स्वतःच्या मेलवर झॅपिअरचं खातं काढतो, नोकरी लागली की पुण्याला जातो. चुका सतत येत राहिल्या की झॅपिअर ती जोडणी बंद करतं आणि खातेदाराला मेल पाठवतं. तो मेल पुण्यात पडून राहतो, इथे मंडळाचा ब्लॉग ओस पडतो. संस्थेच्या नावाचा स्वतंत्र मेल काढा, खातं त्यावर उघडा आणि त्याचा पासवर्ड निदान दोन जबाबदार माणसांकडे ठेवा.