तुळजापूरला पायी निघालात? शेवटच्या टप्प्यात या चुका टाळा

कोजागरीच्या तीन-चार दिवस आधीपासून लातूर-औशाचा रस्ता पायी जाणाऱ्यांनी भरून जातो. लातूरहून तुळजापूर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे, सोलापूरहून साधारण पंचेचाळीस, धाराशिवहून वीस-बावीस. पहिले दोन दिवस बहुतेकजण शहाण्यासारखे चालतात. पहाटे उठायचं, ऊन चढायच्या आत टप्पा उरकायचा, दुपारी देवळाच्या मंडपात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात आडवं व्हायचं आणि चार-साडेचारला पुन्हा निघायचं. घडी बिघडते ती शेवटच्या मुक्कामावर. तुळजापूरचा आकडा दगडावर पंचविसाच्या आत आला की हाच माणूस जेवण टाळतो, झोप टाळतो आणि पाय ओढत सुटतो.

याचं कारण म्हणजे हिशोबच चुकीचा मांडलेला असतो. चालणारा अंतर मोजतो ते तुळजापूरच्या वेशीपर्यंत. पण अंगाला काम तिथून पुढेही आहे: पौर्णिमेची रांग, देवळाच्या पायऱ्या उतरणं आणि चढणं, गर्दीतून गाडीपर्यंत पोचणं, मग गावापर्यंतचा प्रवास. शेवटच्या दिवसाची ताकद वेशीपाशीच संपवली तर हे सगळं अंगावर काढावं लागतं. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच सापडेल.

दोन टप्पे एका रात्रीत उरकणं

“आता काय ऱ्हायलंय मामा, आलंच की तुळजापूर!” हे वाक्य मुक्कामावर रात्री नऊच्या सुमारास कोणीतरी म्हणतंच. म्हणणारा बहुतेक विशीतला असतो आणि त्याच्यामागे पन्नाशीची माणसं उठून चालायला लागतात. घाईला कारणही असतं. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी श्रमनिद्रेत पलंगावर असते आणि पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. तो दिवस गाठायची ओढ समजते. पण दिवसभर चाललेलं अंग रात्री आणखी वीस किलोमीटर चालवलं की पहाटे दोन ते चारच्या दरम्यान माणूस चालता चालता डुलक्या घेतो. हाच वेळ ट्रकवाल्याच्याही पेंगण्याचा असतो. पौर्णिमेच्या दिवसांत जड वाहतूक बहुतेक वर्षी दुसऱ्या रस्त्याने वळवतात, तरी जीप, मोटारसायकली आणि यात्रेकरूंचेच टेम्पो धावत असतात.

रात्री चालायचंच असेल तर आधी संध्याकाळी चार तास तरी झोपा. रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. आपल्याकडे सगळी दिंडी डाव्या बाजूने, गाड्यांकडे पाठ करून चालते आणि पुढे भगवा झेंडा, मागे मात्र अंधार असतो. सर्वांत मागे चालणाऱ्याच्या हातात टॉर्च हवी आणि पाठीवर चमकणारी पट्टी हवी. सायकलच्या दुकानात ती स्वस्तात मिळते. गडद साडी आणि काळी शाल घेतलेली बाई गाडीच्या दिव्यात अगदी जवळ आल्यावर दिसते, म्हणून आयाबायांच्या पिशवीला आणि काठीलाही पट्टी लावा.

आणखी एक. दुभाजकावर बसू नका आणि डांबराच्या कडेला अंग टाकू नका. रात्री डांबर उबदार लागतं, म्हणून दमलेली माणसं तिथेच कलंडतात. झोपायचं तर रस्ता सोडून धाब्याच्या अंगणात, पेट्रोल पंपाच्या आवारात विचारून, नाहीतर सेवेच्या मंडपात. नुकतीच सोयाबीन काढलेल्या वावरात अंधारात शिरू नये. काढून ठेवलेल्या ढिगाखाली साप-विंचू असतात आणि अनवाणी पायाला धसकटं लागतात ती वेगळीच.

पायांवर घरगुती प्रयोग

शेवटच्या मुक्कामावर सगळ्यात जास्त चर्चा फोडांची. फोड घासण्याने आणि ओलाव्याने येतो. येण्याआधी काही वेळ त्या जागी आग होते, चुरचुरतं. तेव्हाच थांबून पाय कोरडा करून मेडिकलमधली कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडू देता लावली, तर बहुतेक फोड टळतात. पण टोळी पुढे जाईल म्हणून माणूस थांबत नाही आणि पाच मिनिटं वाचवून पुढचा अर्धा दिवस लंगडतो.

फोड आलाच तर छोट्याला हात लावू नका, वरून पट्टी पुरे. मोठा, टरटरलेला आणि पाऊल टेकू न देणारा असेल तर हात धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला बारीक छिद्र पाडून पाणी काढा. वरची कातडी तशीच राहू द्या, तीच खालच्या कोवळ्या त्वचेचं झाकण असते. मग जंतुनाशक मलम आणि स्वच्छ पट्टी. फोडातून सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवायची जुनी रीत अजून चालू आहे. पाणी झिरपून जातं हे खरं, पण त्याच दोऱ्यावरून रस्त्याची धूळ आत जाते. बिब्ब्याचं तेल तर उघड्या जागी अजिबात लावू नका. बिब्बा कातडी भाजतो आणि एका फोडाचे चार होतात. साखरेचा आजार असलेल्यांनी फोड स्वतः फोडूच नये, मंडपातल्या डॉक्टरकडे जावं.

सेवेच्या मंडपात पाय चेपून, तेल लावून देतात. पोटऱ्यांना, मांड्यांना जरूर लावून घ्या. तळव्याला लागलेलं तेल मात्र निघण्यापूर्वी पुसून काढा, नाहीतर चपलेत पाय घसरतो आणि बोटांच्या बेचक्यांत फोड येतात. गरम पाण्यात पाय सोडून बसणंही रात्री झोपण्याआधी ठीक, निघताना नको. भिजून मऊ झालेली कातडी लवकर सोलवटते. मांड्या घासतात त्यांनी आंघोळीनंतर खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. लाजेपायी हे कोणी सांगत नाही आणि शेवटच्या दिवशी पाय फाकवून चालणारे निम्मे लोक याच दुखण्याचे असतात.

पादत्राणांचं थोडक्यात: देवीला जायचं म्हणून शेवटच्या दिवशी नवी चप्पल काढू नये. जिच्यात आलात तिच्यातच पोचा.

अनवाणी चालणाऱ्यांचा नवस असतो, त्याला मी हात लावणार नाही. पण नवसात दुपारी चालण्याची अट नसते. अकरा ते चार डांबर तापलेलं असतं, तेवढा वेळ सावलीत काढा. कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर पाय कमी भाजतात म्हणून रांगेने त्यावरून चालणारी माणसं दिसतात. मात्र तो पट्टा गाड्यांना अगदी चिकटून असतो, हे ध्यानात असू द्या.

प्रत्येक मंडपात ताव मारणं

तुळजापूर जवळ आलं की अन्नदानाचे मंडप दाट होत जातात. खिचडी, पुरी-भाजी, शिरा, केळी, चहा, पुन्हा चहा. आग्रहही असा की “नको” म्हटलं तर वाढणाऱ्याचा चेहरा उतरतो. दोन तासांत चार ठिकाणी खाल्लं की चालणं जड होतं आणि पुढे शौचालय शोधत फिरावं लागतं. दोनदा पोटभर खाण्यापेक्षा थोडं थोडं खाणं बरं, पण ताजं आणि आपल्यासमोर गरम वाढलेलं. ज्यांचा उपवास असतो त्यांनी भगरीबद्दल सावध राहावं. भगरीच्या, विशेषतः तिच्या तयार पिठाच्या, विषबाधा आपल्या मराठवाड्यात पुन्हा पुन्हा झाल्या आहेत. पीठ जुनं किंवा ओल लागलेलं असलं की त्यात बुरशी धरते. कोजागरीचं मसाला दूधही उकळतं असेल तरच घ्या. दुपारी आटवून पातेल्यात कोमट राहिलेलं दूध रात्री दहाला पिऊन सकाळी रांगेत उभं राहणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

पाण्याबाबत दोन टोकांच्या चुका होतात. बायका वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर, लघवीची जळजळ, डोकेदुखी. काही तरुण उलट नुसतं पाणी ढोसत राहतात आणि घामातून गेलेलं मीठ भरून काढत नाहीत, मग पोटऱ्यांत गोळे येतात. मीठ घातलेलं ताक, लिंबूपाणी किंवा ओआरएस अधूनमधून हवं. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. ती अर्ध्या बाटलीत घोळून ‘स्ट्राँग’ करून पिण्यात फायदा नाही, उलट मळमळतं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

अंगदुखीची गोळी हा शेवटच्या दिवसाचा आवडता उपाय. रिकाम्या पोटी, पाणी कमी प्यालेलं असताना डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दर चार तासांनी घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हींवर ताण येतो. शिवाय दुखणं दबलं की गुडघा “थांब” म्हणतोय हे कळत नाही. बीपी-साखरेची औषधं मात्र नेहमीच्या वेळीच घ्यावीत. साखरेची गोळी घेऊन जेवण पुढे ढकलणाऱ्यांची साखर चालताना एकदम उतरते. खिशात गूळ नाहीतर ग्लुकोज बिस्किटं ठेवा.

सगळं सामान टेम्पोत टाकणं

ही चूक लहान वाटते आणि सगळ्यात जास्त लोकांना रडवते. दिंडीचा टेम्पो पुढे जातो, त्यात पिशव्या, स्वेटर, औषधं, पैसे, कधीकधी फोनही. शेवटच्या टप्प्यात पोलीस वाहनं गावाबाहेरच अडवतात, टेम्पो भलत्याच वाहनतळावर जातो, आणि माणूस पहाटेच्या गारठ्यात ओल्या सदऱ्याने उभा असतो. एक छोटी पिशवी अंगावरच हवी: त्या दिवसाच्या गोळ्या, आधार कार्डाची झेरॉक्स, थोडे सुटे पैसे, चिकटपट्टी, पाण्याची बाटली, पातळ शाल, प्लास्टिकचा कागद.

गर्दीत फोन लागत नाही. म्हणून भेटायची जागा आणि वेळ आदल्या मुक्कामावरच ठरवा. “देवळासमोर” ही जागा नव्हे. तिथे हजारो लोक उभे असतात. एखादं ठरावीक हॉटेल, बसस्थानकाचा अमुक फलाट असं नेमकं ठरवा. लेकरांच्या खिशात आणि ज्यांना कमी ऐकू येतं अशा म्हाताऱ्यांच्या कमरेला नाव, गाव, दोन मोबाइल नंबरांची चिठ्ठी हवी. रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112, महामार्गावर अपघात झाला तर 1033.

घाट आणि आभाळ

सोलापूरकडून येणाऱ्यांना शेवटी बालाघाटाची चढण आहे. ती दुपारी गाठू नका. तामलवाडीकडून निघण्याची वेळच तशी धरा. चढताना पावलं लहान टाका आणि उभं राहून दम घ्या. फार वेळ बसलात तर गुडघे आखडतात.

कोजागरी दरवर्षी वेगळ्या हवेत येते. 2025 साली ती 6 ऑक्टोबरला होती, आणि त्याआधी सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टीने शेतं वाहून गेली होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती ऑक्टोबरच्या अखेरीस आहे. लवकर आली तर परतीचा पाऊस गाठतो, उशिरा आली तर पहाटेची थंडी. विजा कडाडत असतील तर झाडाखाली थांबू नका, झेंड्याची उंच काठी खाली ठेवा आणि पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. काळ्या मातीतून आडवाट काढायचा मोहही पावसानंतर टाळा. चार पावलांत चपलेला शेरभर चिखल चिकटतो आणि पाय मुरगळतो.

रांगेसाठी काहीच न राखणं

पोचल्याबरोबर तसंच रांगेत घुसणं ही सगळ्यात महाग चूक. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एकाच जागी तासन्‌तास उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि बरेचजण घेरी येऊन पडतात ते इथेच. आधी दोन-तीन तास झोपा, खा, पट्ट्या बदला. रांगेत टाचा वर-खाली करत राहा. मंदिर खोलात आहे. महाद्वारातून आत गेलं की पायऱ्या उतराव्या लागतात, कल्लोळ आणि गोमुख तीर्थांच्या बाजूला फरशी ओली असते आणि पायांत काही नसतं. उतरण्याने आधीच दुखरा गुडघा जास्त बोलतो, म्हणून कठडा धरून, एकेक पायरी. मागून ढकललं तरी ज्येष्ठांना मधोमध घेऊ नका, भिंतीच्या बाजूने ठेवा. पट्टीवर पाणी गेलं असेल तर बाहेर आल्यावर लगेच ती बदला.

ज्याला ताप आहे, ज्याचा पाय सुजून लाल झालाय, त्याने कळसाला हात जोडून माघारी फिरावं. बरोबरच्यांनी त्याला टोमणे मारू नयेत. “एवढं चालून आला अन् दर्शन न्हाई?” या एका वाक्यापायी लोक नको तेवढं ओढून धरतात.

परतताना, पायी आलेल्याने रात्री मोटारसायकल चालवू नये. गावाकडून मित्र गाडी घेऊन आला असला तरी तोही जागरणातलाच असतो, एसटीने जा. जीपमध्ये पाय मुडपून पाच-सहा तास कोंबून बसण्यापेक्षा मधे उतरून चार पावलं चाला. घरी पोचल्यावर दोन्ही पाय थोडे सुजणं नेहमीचं आहे, उशीवर उंच ठेवून झोपलं की उतरतं. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, दुखत असेल, किंवा फोडाभोवतीची लाली दुसऱ्या दिवशी वाढलेली दिसली, तर दवाखाना गाठा. साखरेचा आजार असलेल्यांनी आठवडाभर रोज रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्या कोणाला तरी बघायला सांगावेत, कारण त्यांना जखम दुखतेच असं नाही.