एअरोस्पेसला निघण्याआधी

एअरोस्पेस इंजिनिअरिंगचा प्रवेश पक्का झाला की घरात बॅगा भरायची घाई सुरू होते. त्या गडबडीत बारावीची गणिताची वही रद्दीत जाऊ देऊ नका. पहिल्या वर्षी विमान फारसं भेटत नाही. भेटतात इंटिग्रेशन, व्हेक्टर, मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल समीकरणं. ती कच्ची राहिली तर पुढे फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे हवा-पाण्याच्या प्रवाहाचं शास्त्र, पाठ करावं लागतं, आणि पाठांतरावर ते फार दिवस तगत नाही.

एककं लिहायची सवय आत्ताच लावून घ्या, गणिताच्या प्रत्येक ओळीत. 1983 साली एअर कॅनडाच्या बोइंग 767 मध्ये इंधन मोजताना लिटरला 0.8 किलो धरायच्या जागी 1.77 हा पौंडांचा आकडा धरला गेला. 41,000 फुटांवर इंधन संपायला लागलं, दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत कॅनडातल्या गिमली गावच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं म्हणून सगळे वाचले. परीक्षेत याच चुकीला दोन मार्क जातात.

काही आकडे तोंडपाठ हवेत. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान 15 अंश सेल्सिअस, हवेची घनता 1.225 किलो प्रति घनमीटर. वर 11 किलोमीटरपर्यंत दर किलोमीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. त्या उंचीवर घनता साधारण 0.364 उरते. लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारं बल, घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तेव्हा पंखाचा कोन तोच ठेवून समुद्रसपाटीइतकीच लिफ्ट हवी तर वेग किती पट लागेल, हे कागदावर काढून बघा. उत्तर 1.8 च्या आसपास यायला हवं.

एक गोष्ट मात्र घरीच टाकून जा: पंखावरची हवा लांबचा रस्ता कापते आणि खालच्या हवेला गाठायला म्हणून जोरात पळते, हे लिफ्टचं शाळेतलं स्पष्टीकरण. प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागच्या कडेला पोचते. शिवाय विमानं उलटीही उडतात, त्याचं काय?

सुट्टीतला एक रविवार थर्माकोलच्या ग्लायडरला द्या. नाकाला यू-पिना लावत जा. कमी पडल्या तर ग्लायडर नाक वर करतो, वेग घालवतो आणि धपकन बसतो. जास्त झाल्या तर सरळ जमिनीत घुसतो. मधली जागा सापडेपर्यंत फेकत राहा. गुरुत्वमध्य पुढे का हवा हे हाताला कळलं की वर्गातलं स्थैर्य जड जात नाही. माझ्या मते यादीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच. पायथन थोडं येत असेल तर बरं, नसेल तर तिथे शिकाल.

आणि एक जाड वही घ्या. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ उपग्रह 2007 साली हाती घेतला गेला आणि 26 सप्टेंबर 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी35 रॉकेटवरून अवकाशात गेला. मधल्या काळात कितीतरी बॅच पास होऊन बाहेर पडल्या. कॉलेजच्या अशा टीममध्ये शिरलात तर कुठला स्क्रू का बदलला, हे त्याच दिवशी तारखेसकट लिहून ठेवा.