नॅसवर फाइल कॉपी व्हायला वेळ लागतोय? आधी आकडा बघा

घरच्या नॅसवर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायला नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर, कॉपी रेंगाळायला लागली की बहुतेक जण सेटिंगमध्ये घुसतात, फर्मवेअर अपडेट करतात, नाहीतर थेट नवा राउटर घ्यायला निघतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कॉपीच्या खिडकीत दिसणारा वेगाचा आकडाच अर्धं निदान करून देतो. म्हणून कशालाही हात लावण्याआधी तो नीट मोजा.

१. मोजमाप

दहा-एक जीबीची एकच फाइल घ्या, एखादा मोठा व्हिडिओ चालेल. ती कॉम्प्युटरवरून नॅसवर पाठवा. पहिल्या काही सेकंदांचा वेग धरू नका, कारण तेव्हा डेटा नुसता मेमरीत साठत असतो. आकडा स्थिरावला की लिहून ठेवा. मग नॅसवरून उलट दिशेने कॉपी करा, पण आत्ताच पाठवलेली फाइल नको. ती नॅसच्या मेमरीतूनच येईल आणि डिस्कचा खरा वेग कळणारच नाही. बऱ्याच दिवसांत न उघडलेली जुनी फाइल घ्या.

नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि कॉपीची खिडकी मेगाबाइटमध्ये दाखवते, तेव्हा ८ ने भागायला विसरू नका. गिगाबिट जोडणीवर कागदोपत्री सेकंदाला १२५ एमबी, प्रत्यक्षात ११० ते ११५ एमबी मिळतात. तुम्हाला एवढे मिळत असतील तर काहीही बिघडलेलं नाही. याहून वेग हवा असेल तर २.५ गिगाबिटचं पोर्ट नॅसला, स्विचला (अनेक केबली एकत्र जोडणारी पेटी) आणि कॉम्प्युटरला, तिन्हीकडे लागेल.

२. आकडा ११-१२ वर अडकला असेल तर केबल

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हाच, आणि शंका मात्र सगळ्यात शेवटी याच्यावर येते. सेकंदाला ११-१२ एमबी म्हणजे जोडणी गिगाबिटवर नाही, १०० मेगाबिटवर चालली आहे. नेटवर्क केबलमध्ये ८ तारा, म्हणजे ४ जोड्या असतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटचं काम दोन जोड्यांवर भागतं. त्यामुळे एखादी तार तुटली किंवा टोकाची एखादी पिन नीट टेकत नसली की बऱ्याचदा जोडणी पूर्ण बंद पडत नाही, गुपचूप खालच्या वेगावर उतरते. इंटरनेटचा प्लॅन १०० मेगाबिटच्या आतला असेल तर वर्षभरसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही.

विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड बघा. नॅसच्या कंट्रोल पॅनेलमध्येही तो दिसतो. दोन्हीकडे १००० (मेगाबिट, म्हणजे १ गिगाबिट) हवं. जिथे १०० दिसेल त्या टप्प्याची केबल बदला, एका वेळी एकच. कॅट-५ई दर्जाची साधी केबल पुरते, महागड्या केबलची गरज नाही. दाराच्या फटीत दाबल्या गेलेल्या चपट्या केबली आणि हाताने क्रिंप केलेली (पक्कडीने दाबून बसवलेली) टोकं आधी तपासा.

केबल बदलूनही १०० च दिसत असेल तर मधला स्विच किंवा राउटरची पोर्टं मुळातच १०० मेगाबिटची असू शकतात. नॅस म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर वापरत असाल तर ३बी मॉडेलची मर्यादाच १०० मेगाबिट आहे, ३बी+ ची साधारण ३००. खरं गिगाबिट ४ पासून पुढे मिळतं. आणि सेटिंगमध्ये वेग हाताने १००० वर लॉक करायच्या फंदात पडू नका. तो दोन्ही टोकांना आपापसात ठरवू द्या.

३. वायफाय

नॅस वायफायवर असेल तर आधी त्याला केबल लावा, मग पुढचं बोलू. दोन्ही टोकं वायफायवर असली की प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरकडे आणि एकदा तिथून पुढे, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. मध्ये रिपीटर असेल तर आणखी घट. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर आहे ना, तेवढं बघा.

४. नेटवर्क की डिस्क?

लिंक १००० ची आहे आणि तरी वेग नाही, अशा वेळी आयपर्फ३ हे मोफत टूल कामाला येतं. नॅसवर सर्व्हर म्हणून चालवा, कॉम्प्युटरवर क्लायंट म्हणून. ते डिस्कला हातच लावत नाही, नुसता नेटवर्कचा वेग मोजतं. ९४० मेगाबिटच्या आसपास आलं तर नेटवर्क निर्दोष, गाठ डिस्कशी किंवा सॉफ्टवेअरशी आहे. दोन्ही दिशांनी मोजा.

५. डिस्क

आधी नॅस कशात गुंतला आहे ते बघा. रेडची (अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या संचाची) पुनर्बांधणी, स्क्रबिंग म्हणजे साठवलेल्या डेटाची तपासणी, फोटोंचे थंबनेल बनवणं, यांपैकी काही चालू असेल तर ते संपेपर्यंत वेग कमीच राहणार. डिस्क काठोकाठ भरली असली तरी तेच.

कॉपी ११० ने सुरू होऊन थोड्या वेळाने २०-३० वर कोसळते आणि तिथेच राहते? एसएमआर प्रकारच्या, म्हणजे डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या डिस्कची ही खूण आहे. या डिस्क आधी एका वेगळ्या भागात पटापट लिहून घेतात आणि तो भाग भरला की खऱ्या कामाला लागतात. २०२० मध्ये डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क याच प्रकारच्या असल्याचं उघड झालं होतं. मॉडेल नंबर तपासा. नॅससाठी सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवणारी डिस्कच घ्यावी.

बाहेरून लावलेली डिस्क ३५-४० एमबीवर थांबत असेल तर ती यूएसबी २ च्या पोर्टमध्ये आहे. निळं पोर्ट शोधा. स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पेंडिंग किंवा रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे संशयास्पद किंवा खराब म्हणून बदललेले भाग, वाढताना दिसले तर वेगाचा नाद सोडा आणि आधी बॅकअप घ्या.

६. हजारो छोट्या फाइली

मोठी फाइल झपाट्याने जाते, पण फोटोंचं फोल्डर गोगलगायीसारखं सरकतं, हा बिघाड नव्हे. प्रत्येक फाइल उघडणं, नोंद करणं, बंद करणं यासाठी नॅसशी वेगळी देवाणघेवाण होते. फोल्डरची झिप करून पाठवा, किंवा आरसिंक या कॉपीच्या टूलने नुसत्या बदललेल्या फाइली पाठवा. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल चाळत असेल तर फरक आणखी जाणवतो.

७. सेटिंग, सगळ्यात शेवटी

लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. नॅस क्लाउड लिंकवरून उघडत असाल तर घरातल्या घरातली फाइलही इंटरनेटवरून फिरून येऊ शकते. थेट आयपी पत्ता टाका. एसएमबीचं (कॉम्प्युटर आणि नॅस ज्या पद्धतीने फाइलींची देवाणघेवाण करतात तिचं) एन्क्रिप्शन आणि साइनिंग, म्हणजे डेटा कुलूपबंद करणं आणि त्यावर खातरजमेची सही करणं, कमकुवत प्रोसेसरवर महाग पडतं. कॉपी चालू असताना नॅसचा सीपीयू १०० टक्क्यांना टेकतोय का ते बघा. चार कोअर असतील तर २५ टक्केही संशयास्पद, कारण एकच कोअर पूर्ण दमलेला असू शकतो.

जम्बो फ्रेमचा, म्हणजे डेटा नेहमीपेक्षा मोठ्या तुकड्यांत पाठवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. गिगाबिटवर त्याने मिळणारा फायदा किरकोळ असतो, आणि एखाद्या उपकरणाला ९००० चा एमटीयू (एका तुकड्याचा कमाल आकार, बाइटमध्ये) झेपला नाही तर कॉपी मध्येच गोठते. कधी काळी चालू करून ठेवलं असेल तर सगळीकडे १५०० वर परत आणा.