नवख्या जोडीदारासोबत एकाच पडद्यावर खेळताना
ज्याने व्हिडिओ गेमचा कंट्रोलर कधी हातातही धरलेला नाही, अशा व्यक्तीला सोबत खेळायला बसवायचे असेल, तर 2021 मध्ये आलेला, फक्त दोघांसाठीच असलेला ‘इट टेक्स टू’ कितीही मोहात पाडत असला तरी सुरुवात त्या गेमपासून करू नये. कारण डाव्या अंगठ्याने चालताना उजव्याने कॅमेरा (म्हणजे पडद्यावरच्या दृश्याची दिशा) फिरवणे नवख्याला जमत नाही आणि तो बिचारा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. आधी ‘ओव्हरकुक्ड 2’ हा स्वयंपाकाचा गेम लावावा. त्यात कॅमेरा खेळाडूला सांभाळावा लागत नाही, त्यामुळे भाजी चिरणे, शिजवणे आणि ताटली पुढे देणे एवढ्यावरच लक्ष राहते. चिरण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे, भांडी आपण घासावीत. त्याचे चुकले तरी कंट्रोलर हिसकावून घेऊ नये (अनुभवी खेळाडूंची ही जुनीच खोड). कोणते बटण दाबायचे तेवढेच सांगावे.