गावात विज्ञान शिबिर घेताय? या चुका टाळा

"मुलांचा प्रतिसाद कमी होता." यवतमाळ-वाशीमकडच्या शिबिराच्या अहवालात हे वाक्य दिसलं की मी आधी तारीख बघतो. बहुतेकदा ती दिवाळीनंतरची असते, म्हणजे ऐन वेचणीतली. कापूस फुटलेला, मजूर मिळत नाही, आठवी-नववीची पोरं आईसोबत वावरात. गडचिरोलीत हीच गत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांमुळे होते. तारीख पुण्यात बसून काढू नका. पोरं कधी गायब असतात, ते शाळेच्या शिपायाला विचारा.

वेळेचंही तेच. "शाळा सुटल्यावर दोन तास" हे कागदावर छान दिसतं. पण मुलींना न्यायला 'मानव विकास' या सरकारी योजनेची निळी बस येते आणि ती कुणासाठी थांबत नाही. "सर, बस निंगून जाते" म्हणत पोरगी प्रयोग अर्ध्यावर टाकून उठली, तर तिच्या नावापुढे "रस नाही" लिहू नका. मुख्याध्यापकांकडून शाळेच्या वेळेतल्याच तासिका मागून घ्या.

"आम्ही गोडी लावायला आलोय"

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. गोडी नाही, हे गृहीत धरलं की मग फुग्यांची रॉकेटं उडवली जातात, टाळ्या पडतात आणि पुढे काहीच घडत नाही. इंग्लंडमध्ये २००९ साली सुरू झालेल्या 'अ‍ॅस्पायर्स' या दीर्घ अभ्यासात १० ते १४ वयाच्या बहुतेक मुलांना विज्ञान आवडत होतं. शास्त्रज्ञ व्हायचंय म्हणणारी मात्र सुमारे १५ टक्केच निघाली. आवडणं आणि 'हे आपल्यासाठी आहे' असं वाटणं यातली दरी घरातून येते, असं लुईस आर्चर यांच्या गटाला दिसलं: नात्यात विज्ञान शिकलेलं कुणी आहे का, घरी त्यावर बोलणं होतं का. ते आकडे उचलून यवतमाळच्या दारव्ह्याला चिकटवता येणार नाहीत, पण प्रश्न तोच विचारता येतो.

म्हणून पाहुणा शास्त्रज्ञ आणण्याआधी महावितरणचा लाईनमन, उपकेंद्रातली नर्सताई, माती परीक्षण करणारी तंत्रज्ञ यांना बोलवा. त्यांनी भाषण न देता काम दाखवावं. आणि पालकांना समारोपाला हारतुऱ्यांसाठी बोलावण्यापेक्षा पहिल्याच दिवशी बोलवा.

प्रयोगाची पेटी दिली, काम झालं

उद्घाटनाची फीत कापल्यावर प्रयोगशाळेला कुलूप लागतं, कारण काही फुटलं तर भरपाई गुरुजींच्या माथी. मोडतोडीसाठी वेगळे पैसे ठेवा आणि तसं लेखी द्या. एवढ्यानेच पुष्कळ कुलपं उघडतात. पण नुसती वस्तू पुरत नाही. पेरूमध्ये ३१९ ग्रामीण शाळांत मुलांना लॅपटॉप देण्याची योजना तपासली, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. उलट सातपुड्यापलीकडे होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमाने साहित्यासोबत शिक्षकांचं प्रशिक्षण आणि परीक्षाही बदलली. पुस्तक उघडून पेपर लिहायची मुभा होती.

वावर सोडून भलतीकडे

कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा) हे इथलं सर्वात स्वस्त शास्त्रीय उपकरण. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी नियम साधा आहे: सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, की धोक्याची पातळी गाठली. किंवा शेतभर फिरून वीस हिरवी बोंडं तोडून फोडा. दोनांत अळी निघाली तर नुकसान दहा टक्के. नमुना कसा घ्यायचा, कडेचीच बोंडं तोडली तर काय बिघडतं, दोघांच्या मोजणीत फरक का पडला, हे सगळं यात येतं. मग विचारा: २००२ साली बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारा बीटी कापूस आला, तरी काही वर्षांनी ही अळी त्याला दाद का देईना? दहावीची उत्क्रांती इथून शिकवा. (फवारणीच्या आसपास मात्र मुलांना फिरकू देऊ नका. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते विसरण्यासारखं नाही.)

याची उलट चूकही होते. गावची पोरं म्हणून बारा महिने शेतीच! त्यांनाही ग्रह-तारे, रोबोट आणि लोणारचं उल्काविवर हवं असतं.

मेळघाटात वेगळी अडचण: घरी कोरकू, शाळेत मराठी. प्रयोग चालू असताना मुलांना कोरकूत भांडू द्या. त्याच गावचा बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी मानधनावर घ्या.

शेवटच्या दिवशीचा फॉर्म

"शिबिर आवडलं का?" यावर पाहुण्या सरांसमोर नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा अकरावीचे प्रवेश झाल्यावर परत या. 'असर' २०२३ च्या ग्रामीण पाहणीत अकरावी किंवा त्यापुढे शिकणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलग्यांपैकी ३६.३ टक्के विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांत होते, मुलींपैकी २८.१ टक्के. तुमच्या गावातल्या किती जणी गेल्या, ते मोजा. गेल्या नसतील तर आधी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात चौकशी करा: विज्ञानाची तुकडी आहे का, बस किती वाजता परतते, वसतिगृहात जागा आहे का. ही माहिती दहावीच्या निकालाआधी शाळेच्या फलकावर लावा.